मेसाईचा कौल

आखाड कोरडा गेला, श्रावणही तसाच गेला, आणि या दोन महिन्यांत सुभद्राबाईच्या अंगात एकदाही वारं आलं नाही. चिंचखोरीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहात्तरचं साल होतं. एरवी मंगळवारी तिच्या दारात लिंबू-नारळ घेऊन बसणारी माणसं आता खोरीतल्या पाझर तलावावर माती वाहत होती. पाटलापासून सालगड्यापर्यंत सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. मग कोण कशाला विचारायला येतंय?

ज्या बाईच्या अंगात देवी यायची तिला गाव देवीचं झाड म्हणायचं. आधी हे तिच्या सासूकडं होतं. सासू वारली त्या वर्षी नवरात्रात हलगी कडाडली आणि पदराआड उभ्या असलेल्या सुभद्राचे पाय आपोआप उचलले. आधी मानगूट जड व्हायची, डोक्यावर जळणाचा भारा ठेवल्यागत. मग जीभ टाळूला चिकटायची. त्यापुढचं तिला काही आठवत नसे. आपण काय बोललो, कुणाला काय सांगितलं, हे मागाहून नवऱ्याच्या, त्रिंबकच्या तोंडून कळायचं. एरवी आडावर चार बायकांच्या मागं उभी राहणारी ही बाई. पण त्या घटकेला पाटलाची म्हातारीसुद्धा तिच्या पायावर डोकं ठेवायची. आणि जो त्रिंबक रागाच्या भरात कधीमधी तिच्यावर हात उचलायचा, तोच तिला दोन्ही हातांनी सावरून धरायचा.

आताही ती मंगळवारी तांब्याभर पाण्यानं अंग पुसायची, मळवट भरायची आणि खोरीत मेसाईपुढं जाऊन बसायची. नेपतीच्या झुडपाखाली शेंदूर थापलेले तांदळे होते, देवी म्हणून पुजलेले बिनघडीव दगड. बसून बसून मांड्यांना मुंग्या यायच्या, उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी यायची. वारं यायचं नाही. आपल्या हातून काय विटाळ घडला, हे ती आठवत राहायची. कुणाला सांगावं असं मनात यायचं आणि जायचं. गावात आपली म्हणून तेवढी एकच जागा होती, ती सोडवत नव्हती.

तलावाच्या दुष्काळी कामावर तिच्या वाट्याला खडी फोडणं आलं होतं. मुलगा उत्तरेश्वर खाली चरात टिकाव मारायचा, त्याची बायको गीता मातीची पाटी डोक्यावरून भरावावर टाकायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पोरीच्या गळ्याखालची हाडं वर आली होती, पण नवऱ्यानं पाटी उचलून डोक्यावर दिली की ती हळूच हसायची, आणि ते बघून सुभद्राला बरं वाटायचं.

तिच्या शेजारच्या ढिगावर चाँदभाई बसायचा. पिकली दाढी, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याच्या बापाच्या अंगात मोहरमला सवारी यायची. पंजा हातात घेतला की म्हातारा निखाऱ्यातून चालत जायचा.

"चाँदभाई," एक दिवस तिनं विचारलं, "तुमच्या अब्बाची सवारी कधी चुकली का वो?"

त्यानं हातोडा मांडीवर ठेवला. "चुकली की. पटकीच्या साली. सगळं गाव येऊन बसलतं. अब्बानं पंजा धरला, दिस कलला, पर कायबी न्हाई. मग अब्बानं पंजा भिंतीला टेकवला आन सांगितलं, आज सवारी आली न्हाई, घरला जावा."

"लोकं काय म्हनले?"

"लई बोलले. एकदोघं तर थुकले. अब्बा म्हनायचा, बोलवायचं आपलं काम, यायचं तिचं. आपल्याच मनानं नाचलो तर निखारा सोडत न्हाई." मग तो तिच्याकडं चांगल्या डोळ्यानं बघत राहिला. "कावून इचारलं, बाई?"

"आसंच," ती म्हणाली आणि दगडावर हातोडा मारला.

त्याच आठवड्यात ओव्हरशियरनं सांडव्यासाठी चुन्याची रेघ मारली. ती नेमकी मेसाईच्या नेपतीच्या बुडात गेली. चरातल्या माणसांनी टिकाव खाली टाकले.

"तितं हात लावायचा? आमाला लेकरंबाळं हायेत, साहेब."

ओव्हरशियर बाहेरगावचा, तरणाबांड. त्यानं समजावून पाहिलं. खडक इथंच लागतो, रेघ हलवता येत नाही, सांडव्याशिवाय तलाव फुटेल. कुणी हललं नाही. शेवटी तो म्हणाला, "मग काम पलीकडच्या गावाला जाईल. तिथली माणसं रोज येऊन विचारतात."

काम बंद पडलं. काम बंद म्हणजे रेशनची लाल मिलो ज्वारी बंद, कामावर वाटायची ती सुकडी बंद. बायका माळावर बरबड्याच्या गवताचं बी झोडपून आणू लागल्या. त्याच्या भाकरीला पीठ धरत नव्हतं. खाल्लं की पोटात दगड बसायचा. तरवट्याचा पालाही संपत आला. एका सकाळी आडावर रिकामी घागर उचलताना गीताचा तोल गेला आणि ती तिथंच बसली. बायकांना वाटलं, दिवस राहिले असतील. तसं काही नव्हतं. पोटात अन्न नव्हतं.

आप्पाराव दुपारचा घरी आला. सोसायटीचा चेअरमन. या तलावासाठी त्यानंच बीडला खेटे घातले होते. तलाव झाला की सोसायटीची मोटार बसवायची, खालच्या रानात ऊस लावायचा, नव्या साखर कारखान्याचे सभासद व्हायचं, हे सगळं तो चावडीवर मोठ्यानं सांगायचा. खालचं रान बहुतेक त्याच्याच भावकीचं होतं. पण काम गावाला त्याच्यामुळं मिळालं, हेही खोटं नव्हतं.

"बाई," तो ओट्यावर टेकत म्हणाला, "लोकं माझं आयकनात. आईचं आयकतील."

"आई आपल्या मनाची हाय, आप्पा."

"तर काय! मी कुटं जबरदस्ती करतो? निस्तं इचारा. आई काय लेकरान्ला उपाशी मारंल का? वर टेकाडावर सिमिटाचा ओटा बांधून देतो, पत्र्याची सावली करतो. मंगळवारी हलगी लावू. समदं गाव यील."

त्रिंबक दाराला टेकून उभा होता. "आन आई न्हाई म्हनली तर?"

"तर न्हाई. मी बी देवाला भेनारा मानूस हाय. मग कोयते घ्यावं आन जावं खाली नगराकडं. तिकडं बी ऊस जळालाय म्हनतेत." उठताना त्याची नजर चुलीवर गेली. चुलीवर काहीच नव्हतं, चूल लिपून ठेवलेली होती. तो काही बोलला नाही, उपरणं झटकून निघून गेला. त्याच्या बोलण्यापेक्षा ते न बोलणंच सुभद्राला जास्त लागलं.

मंगळवारी दिवस कलायच्या सुमाराला खोरीत गाव जमलं. हलगीवाल्यांनी गवत पेटवून हलग्या शेकल्या. सुभद्रा केस मोकळे सोडून तांदळ्यांपुढं बसली. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू. हलगी सुरू झाली. ती मानगूट जड व्हायची वाट बघत राहिली.

मानगूट हलकीच होती. तिला सगळं दिसत होतं. आप्पाराव हाताची घडी घालून उभा होता. पाटलाची म्हातारी गालात चिंचोका चघळत होती. गीता बसलेल्या बायकांत होती आणि तिचं लक्ष देवीकडं नव्हतं. परडीत ठेवलेल्या गुळाच्या खड्याकडं होतं. सुभद्रानं डोळे मिटले. "ये गं माय, आता तरी ये," ती मनात म्हणाली. हलगी जलद झाली, आणखी जलद झाली. वाजवणाऱ्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. त्यांच्याही पोटात काही नव्हतं, किती वेळ वाजवणार? एकाचा हात चुकला. पुन्हा चुकला. आता थांबतील, आणि सगळे उठून घरी जातील.

सुभद्रा उठली. पहिलं पाऊल तिनं स्वतः टाकलं.

मग दुसरं टाकणं सोपं गेलं. तिनं केस उडवले, हुंकार दिला. त्रिंबक मागून धावत येऊन तिला धरू लागला. "आई आली, आई आली," बायका ओरडल्या आणि माती कपाळाला लावू लागल्या.

"आई, तुजं ठानं हलवायचं म्हनतेत," आप्पाराव हात जोडून म्हणाला. "काय कौल देतीस?"

"भुकेजलं गं माजं गाव," सुभद्रा घोगऱ्या आवाजात म्हणाली. सासूचा आवाज तिला पाठ होता. "न्या मला. टेकाडावर न्या. खुशाल टिकाव घाला. माजी आडकाठी न्हाई."

गर्दीनं सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात कुणीतरी मागून विचारलं, "आई, खनताना कुनाला धक्का लागायचा न्हाई ना?"

हा प्रश्न येईल असं तिनं धरलं नव्हतं. क्षणभर ती नुसती घुमत राहिली. सगळे वाट बघत होते.

"माजी राखन हाय," ती म्हणाली.

तिला खाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले आणि दर वेळेसारखं, काही ठाऊक नसल्यासारखं, सगळ्यांकडं पाहिलं. गर्दीच्या कडेला चाँदभाई उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि काठी टेकत गावाकडं चालू लागला.

कौल मिळाला तरी पुढं कुणी होईना. टिकाव जमिनीवर पडलेले होते आणि माणसं एकमेकांकडं बघत होती. "ज्या घरात आई येती त्या घरानं पयला घाव घालावा," कुणीतरी पुटपुटलं. उत्तरेश्वरनं सदरा काढून गीताकडं फेकला.

"मी घालतो. भ्यायचं काय त्यात? माजी माय बोलली न्हाई, आई बोललीय."

सुभद्रानं तांदळे ओटीत घेतले आणि टेकाड चढू लागली. मागून टिकावाचा घाव ऐकू आला, मग दुसरा, मग पुष्कळ.

काम लागलं. चुली पेटल्या. मिलोची भाकरी लाल, रबरासारखी, पण भाकरी होती. सुकडी मिळाली की गीता ती लुगड्याच्या सोग्यात बांधून आणायची आणि अर्धी नवऱ्याला द्यायची. तिच्या चेहऱ्यावर पाणी चढलं. टेकाडावर सिमेंटचा ओटा झाला, वर पत्रा आला. बायका येता-जाता सुभद्राच्या पाया पडत. तिनं मंगळवारी ओट्यावर जाऊन बसायचं सोडून दिलं होतं. अंगात कसर आहे, असं सांगायची.

सांडव्याचा चर खोल गेला. वर पांढरी माती, खाली मुरूम. मुरूम खालून पोखरला की वरची पांढरी आपसूक ढासळायची, श्रम वाचायचे. पण खाली शिरायला माणसं कचरत. उत्तरेश्वर कचरत नव्हता. तो वाकून आत शिरायचा, बसून टिकाव मारायचा, आणि दरड सुटायच्या बेताला आली की बेडकासारखा उडी मारून बाहेर यायचा. पोरं वाहवा करायची.

"वरून उतरती कापा," ओव्हरशियर काठावरून ओरडायचा. "खालून पोखरू नका. मरायचंय का?"

"आईची राखन हाय, साहेब," उत्तरेश्वर खालून हसत म्हणायचा.

हे खडीच्या ढिगावर ऐकू यायचं. सुभद्राचा हातोडा हवेतच राहायचा.

एक दिवस भाकर खायच्या सुट्टीत ती चराच्या काठाला गेली. तो सावलीला बसला होता, अंगाला पांढरी माती, पापण्यांवरसुद्धा. भोवती चार माणसं जेवत होती.

"उत्तरेसर, तू वर ये. भरावावर माती वाहा."

"कावून?"

"आसंच. माज्या जिवाला बरं वाटंना."

"माय, तू बी काय! समद्या गावादेखत आईनं सांगितलं न्हाई का?" त्यानं भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढं केला. "खा. सकाळपून कायबी खाल्लं न्हाईस तू."

बाकीचे बघत होते. सांगायचं ते तिच्या ओठांपर्यंत आलं. इथं सांगितलं की टिकाव पुन्हा खाली पडणार, चुली पुन्हा लिपल्या जाणार, आणि ही माणसं तिच्या तोंडावर थुंकणार. उद्या त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगू, असं तिनं ठरवलं. त्यानं दिलेला तुकडा खाल्ला. सुट्टी संपली, तो टिकाव घेऊन दरडीखाली शिरला आणि ती परत फिरली.

ढिगापाशी पोचायच्या आत तिनं आवाज ऐकला. फार मोठा नव्हता. ओलं पोतं खांद्यावरून खाली टाकावं, तेवढाच.

माणसांनी आधी फावडी घेतली, मग फावड्याचा घाव लागेल म्हणून टाकून दिली आणि हातांनी माती उपसली. त्रिंबक सगळ्यात पुढं होता. त्याच्या नखांतून रक्त येत होतं. उत्तरेश्वर बसलेलाच सापडला, टिकाव दोन्ही हातांत. अंगावर कुठं खरचटलंही नव्हतं. फक्त तोंड पांढऱ्या मातीनं भरलेलं होतं. त्रिंबकनं त्याची मान मांडीवर घेतली आणि बोटानं तोंडातली माती काढू लागला. लहानपणी माती खाल्ल्यावर काढायचा, तशीच. सगळी निघाली तरी तो बोट फिरवतच राहिला. मग चाँदभाईनं त्याचा हात धरला.

गीता काठावर उभी होती. डोक्यावर चुंबळ तशीच होती. ती रडली नाही. कुणी काय विचारलं तर "हां" म्हणत होती.

सुतक फिटायच्या आत काम पुन्हा सुरू झालं. दोन दिवस गाव हळहळलं. मग हळूहळू दुसरंच बोलणं उठलं. आईनं आपलं घर गावाला दिलं आणि बदल्यात आपल्याच झाडाचं फळ घेतलं. आता तिचं पोट भरलं, आता भ्या नाही. जी माणसं चरात उतरायला कचरत होती, तीही आता उतरली. आप्पारावनं दहाव्याला सगळा खर्च केला, डोळे पुसले आणि सुभद्राच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागं घेतले. त्याला वाटलं, दुःखानं.

तेराव्यानंतर एकदा ती आणि त्रिंबक माळावर शेण्या वेचायला गेले. गुरंच राहिली नव्हती, शेण कुठलं? उगाच हिंडत होते. एका खडकावर बसल्यावर ती म्हणाली, "त्या दिशी आई आली नव्हती."

"ठावं हाय," त्रिंबक म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो समोरच्या उजाड रानाकडं बघत होता.

"आई येती तवा तुजं अंग लाकडावानी हुतं. मला पेलवत न्हाई, माजे खांदे दोन दिस दुकतेत. त्या दिशी तू आपली आपन सावरत हुतीस. मी निस्ता हात लावून उभा हुतो."

"मग बोलला कावून न्हाई तुमी?"

त्यानं खडकाजवळचं ढेकूळ उचलून मुठीत चुरलं.

"भूक लागलती," तो म्हणाला.

तो रडू लागला. इतक्या वर्षांत तिनं त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. उन्हात दोघं तशीच बसून राहिली. उठताना ती म्हणाली, "मी गावाला सांगनार. आधी गीताला सांगते. तिचा हक हाय पयला."

"सांग," तो म्हणाला. "मी अडवत न्हाई."

पण गीतापुढं बसलं की तोंड उघडेना. पोर सकाळी उठून सारवायची, पाणी आणायची, कामावर जायची, आणि सगळं डोळे उघडे ठेवून झोपेत केल्यासारखं. मग नांदूरघाटाकडून तिचा भाऊ बंकट तिला न्यायला आला. त्यानं त्रिंबकपुढं हात जोडले. "मामा, मायचा जीव ऱ्हाईना. थोडं दिस नेतो." थोडे दिवस म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. त्रिंबकनं मान हलवली.

गीतानं आपलं गाठोडं बांधलं. भाऊ बाहेर लिंबाखाली थांबला. सुभद्रानं तिला आत बोलावलं आणि दार लोटलं. आता सांगायचं, तिनं स्वतःला बजावलं. पण गीताच आधी बोलली.

"आत्याबाई, एक इचारू का?"

"इचार, माय."

"बाया म्हनतेत, आईनं त्यान्ला आपल्यापाशी नेलंय. तितं भूक न्हाई, तहान न्हाई. मला रातध्याड त्यान्चं तोंडच दिसतंय, मातीनं भरल्यालं. मग मी म्हनते, आईनं नेलंय तर बरंच आसंल." तिचे ओठ कोरडे पडले होते. "तुमच्या अंगात येती, तुमाला ठावं. त्या दिशी आई खरंच आलती ना?"

सुभद्राच्या जिभेवर खरं होतं. महिनाभर ते तिथंच होतं. समोर पोर गाठोडं छातीशी धरून उभी होती, आणि डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

"आलती," सुभद्रा म्हणाली.

"खरं?"

"खरं, पोरी. आलती. तिनंच नेलं त्याला."

गीताच्या हातातलं गाठोडं गळून पडलं. ती खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बाहेर बंकट दारापर्यंत येऊन परत गेला. रडणं ओसरल्यावर तिनं सुभद्राच्या पायांवर डोकं ठेवलं. सासूच्या पाया पडतात तसं नाही. दोन्ही तळवे आणि कपाळ जमिनीला टेकवून, मंगळवारी देवीच्या पाया पडतात तसं. सुभद्राला पाय मागं घेता आले नाहीत.

बहीण-भाऊ पांदीच्या वाटेला लागले आणि दिसेनासे झाले. त्रिंबक ओट्यावर होता.

"सांगितलंस?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग आता गावाला?"

"आता कुनालाच न्हाई," ती म्हणाली. "गावाला सांगितलं तर तिच्या कानावर जाईलच की."

तिनं हातोडा घेतला, त्यानं टिकाव खांद्यावर टाकला. दोघं खोरीकडं निघाले. भरावावरून पाट्यांची ओळ येत होती. सुभद्रा जवळ येताच बायका बाजूला झाल्या, डोक्यावरची पाटी एका हातानं धरून दुसरा हात कपाळाला लावू लागल्या. ती त्यांच्यामधून खाली बघत चालत गेली आणि आपल्या ढिगावर जाऊन बसली. चाँदभाईनं एक मोठा दगड तिच्यापुढं सरकवला.